खैरनारकाका सॉफ्टवेअर घेतात

खैरनारकाका काम बदललं की खुर्ची बदलत. पाणी प्रकल्पाचे कागद हातात घेतले की खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीत, बालवाडीचे निघाले की उठून प्लास्टिकच्या, आणि वसतिगृहाचे आले की कोपऱ्यातल्या डुगडुगत्या लाकडी खुर्चीत. कारण विचारलं तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ज्याच्या अनुदानाची खुर्ची, त्याचंच काम. उद्या ऑडिटरने विचारलं तर काय सांगू ताई, बूड सगळ्या प्रकल्पांत समान वाटलं?"

आमची संस्था नाशिकच्या गंगापूर रोडवर, काम मात्र पेठकडच्या पाड्यांवर. काका आमचे हिशेबनीस. मूळचे सटाण्याकडचे, एरवी बोलणं अगदी शहरी, पण चिडले की अहिराणी उसळून वर यायची. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "हेड कुठला?" म्हणजे हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तरी तेच! "अहो काका, लग्न ठरलंय माझं," मी म्हटलं. "मग वैयक्तिक," असं म्हणून त्यांनी दोन उचलले.

अशा माणसाला सॉफ्टवेअर निवडायला सांगायचं म्हणजे कठीण काम. पण इलाज नव्हता. आमच्या मुलींच्या वसतिगृहाला पैसे देणाऱ्या दिल्लीच्या संस्थेने कळवलं होतं की यापुढे सगळे अहवाल सॉफ्टवेअरमधूनच हवेत, नाहीतर पुढचा हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे वसतिगृहाला कुलूप.

पुण्याहून टाय लावलेले एक गृहस्थ आले. त्यांनी रंगीत गोल, रंगीत खांब असं बरंच दाखवलं. काकांनी शांतपणे विचारलं, "पोरगी निघून गेली तर?"

"सोप्पं! डिलीट!"

"चहा घ्या आणि या," काका म्हणाले.

दुसरा जरा सावध होता. "इनॲक्टिव्ह करायचं, काका. तिची जागा लगेच दुसऱ्या लाभार्थीला देता येते."

"हाई काय शे?" काका कडाडले. तो बिचारा लॅपटॉप बंद न करताच बॅगेत घालायला लागला.

आमच्या संचालक मॅडम वैतागल्या. "काका, अजून किती जणांना पळवून लावणार? एक काहीतरी पसंत करा."

काकांचं दुखणं मला ठाऊक होतं. द्राक्षांच्या हंगामात पेठकडची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला उतरतात आणि पोरींनाही बरोबर नेतात. परीक्षेला त्या परततात, पण परतल्यावर वसतिगृहातली जागाच गेलेली असेल तर शाळा कायमची सुटते.

तिसरी आली ती मृणाल. कॉलेज रोडवर तिची छोटीशी कंपनी होती. काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. तिने उत्तर दिलंच नाही, उलट विचारलं, "गेली म्हणजे कुठे गेली?"

काकांनी प्रथमच चष्म्यातून बघितलं. "रविवारी सकाळी सीबीएस स्टँडवर या," ते म्हणाले, "दाखवतो."

कुतूहल म्हणून मीही गेले. एसटीने दिंडोरीच्या पुढे उतरलो आणि बागेच्या कडेने आत गेलो. काकांच्या पिशवीत खडू, पाटी, बिस्किटांचे पुडे. जुन्या साड्यांच्या आडोशातून पाच-सहा पोरी ओरडत धावल्या, "काका आलं! काका आलं!" आणि आमचा हा खुर्च्यांचा काटेकोर माणूस खुशाल मातीत मांडी घालून बसला आणि क्रेटमधल्या घडांवरून गुणाकार शिकवायला लागला.

मला राहवेना. "काका, हे कुठल्या हेडखाली?"

"कुठल्याच बसत नाही," ते जरा लाजून म्हणाले. "म्हणून तर रविवारी येतो."

मृणालने त्यातल्या मोठ्या मुलीला, यमुनाला विचारलं, "शाळा सोडलीस का गं?"

यमुनाला रागच आला. "सोडली कशाला? द्राक्षं झाली का येनार हाये ना मी!"

सॉफ्टवेअर मृणालचंच घेतलं, हे सांगायला नको. तिने त्यात एक नवा रकाना केला. नाव कायम, जागा राखीव, आणि शेरा: 'द्राक्षं झाली की येणार'. हे काय प्रकरण आहे म्हणून दिल्लीहून फोन आला. मॅडमनी दिल्लीवाल्यांना बरंच समजावलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

हंगाम संपला आणि एका दुपारी वसतिगृहातून फोन आला. काकांनी झडप घालून उचलला. "आल्या? सगळ्या? आधी जेवल्या का ते सांग." मग एका बोटाने एकेक कळ शोधत त्यांनी प्रत्येकीपुढे 'हजर' लिहिलं. शेवटी यमुना. आम्ही टाळ्या वाजवल्या.

काका स्क्रीनकडे बघत बसले. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाले, "ताई, एक विचारू? रविवारी लोक काय करतात हो?"

मला हसू आलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते विरलं. काकू जाऊन खूप वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, पण त्यांचा रविवार कसा जात असेल हे मनात कधी आलंच नव्हतं.

"आमच्याकडे जेवायला येतात," मी म्हटलं. "या रविवारी या. दुपारी."

"बघतो," काका म्हणाले.

रविवारी सकाळी बेल वाजली. नवऱ्याने दूधवाला समजून दार उघडलं, तर काका. इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. आमच्या घरात अजून कोणी दातही घासले नव्हते.