तासाला काय पडतं?

अर्धी दाढी झालेली असताना दिगंबररावांनी न्हाव्याचा हात धरला आणि विचारलं, "तासाला काय पडतं?"

"साहेब," न्हावी म्हणाला, "वस्तरा गळ्यावर हाय. आदी हात सोडा, मंग हिसाब सांगतो."

दिगंबरराव परभणीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. निजामाचं राज्य गेल्यावर हैदराबादच्या सरकारी कचेरीतून बदली होऊन ते इथं आले. काम एवढंच, की कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांत फिरायचं, मजुरी विचारायची आणि ती तासाला किती पडते ते वर कळवायचं. बाकीचे कारकून हे खुर्चीत बसूनच उरकत. दिगंबररावांना त्याचं वेड लागलं.

"गुरुजी," ते मला म्हणत, "मोंढ्यातला कापसाचा भाव बघून जिल्ह्याची तबियत कळत नसते. तो व्यापाऱ्याचा बुखार! जिनिंगमधल्या बाईला तासाला काय पडतं, ती खरी नाडी. बराबर?"

नाडी ते कुठंही धरायचे. माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी भर वरातीत बँडवाल्याला गाठलं. तो वैतागला. "आमी तासावर न्हाई, वरातीवर घेतो!"

"मग हळू चालण्यात तुमचाच घाटा," दिगंबररावांनी समजावलं. त्यापुढं बँड असा पळाला की नवरदेवाचं घोडं मागंच राहिलं.

घरी मात्र ते एकटे. परभणीला आल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांची बायको तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. त्या विषयावर ते कधी बोलत नसत आणि आम्हीही काढत नसू.

एका जिनिंगच्या मुकादमानं त्यांना सांगितलं, बाया आठ तास काम करतात. दिगंबरराव दिवसभर फाटकाशी बसून राहिले. संध्याकाळी पिंगळीहून कामाला येणारी सोजरबाई बाहेर पडली. तिला त्यांनी विचारलं, "किती तास झाले, बाई?"

"दिस उगवायला आत गेलते, आता दिवे लागायलेत," ती म्हणाली. "तास तुमीच मोजा, साहेब."

त्यांनी मोजले. तासाला पडणाऱ्या मजुरीचा आकडा चांगलाच घसरला. वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं. "सगळ्यांनी आठ तास लिहिलेत. तुमच्या एकट्यामुळं परभणी खाली दिसते."

"दिसत नाही साहेब, आहे. नाडी हळू लागली म्हणून वैद्यानं आपलं घड्याळ बदलायचं का?"

आकडा त्यांनी बदलला नाही. बढती मात्र गेली. पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला, ते कामच बंद झालं आणि दिगंबररावांना पाकिटं चिकटवायला बसवलं. घरी येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं, "डिंकाला वास लय वाईट येतो, गुरुजी."

तरीही शनिवारी दुपारी ते टोपी घालून जिनिंगकडं निघायचेच. कुठं जाता म्हणून विचारलं तर "काम आहे," म्हणायचे.

एकदा गादीसाठी कापूस आणायला मी तिकडं गेलो. जेवणाची सुट्टी होती. फाटकाजवळच्या लिंबाखाली बाया भाकरीची फडकी सोडून बसलेल्या आणि त्यांच्या मधोमध दिगंबरराव. एकेकीला विचारत होते, कधी आलात, किती वेळ उभ्या होता, हातात काय पडलं. बायाही मन लावून सांगत होत्या. मजुरीवरून गोष्ट कुणाच्या सासूवर जाई, कुणाच्या शेळीवर, कुणाच्या लेकराच्या गोवरावर. दिगंबरराव सगळ्याला सारखीच मान डोलवत होते.

ते पाणी प्यायला उठले, तसं मी सोजरबाईला हळूच म्हणालो, "बाई, हे सरकारी काम कधीच बंद झालंय."

"ठावं हाय की आमाला. मुकादमानं तवाच सांगितलं."

"मग?"

तिनं एका भाकरीवर ठेचा ठेवला आणि ती फडक्यात झाकून बाजूला सारली. "घरी त्यांच्यासंगं कोन बोलायलंय, गुरुजी? इथं इचारतेत, आमी सांगतोत. तुमी काई बोलू नका."

दिगंबरराव मिशा पुसत आले. "कुठवर आलो होतो आपण?"

"लेकराच्या गोवरापाशी," सोजरबाई म्हणाली आणि सरकून तिनं त्यांना सावलीत जागा करून दिली.