झरंब्यांचं एकच घर

झरंबेकाका माणसाला आधी आडनाव विचारायचे. नाव राहिलं तर राहिलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि मी नांदेडहून बदलीवर तिथल्या कचेरीत, निवडणूक शाखेत, रुजू व्हायला आले होते. हातातली पिशवी अजून खालीही ठेवली नव्हती, तोच कागदांच्या ढिगामागून आवाज आला.

"आडनाव?"

"जोंधळे."

ढिगामागच्या माणसानं डोळे मिटले. थोडा वेळ ओठ हलवले. मग निकाल दिला, "बिलोली, देगलूर, थोडे मुखेडात. हदगावात बी हायत, पन ते सासुरवाडीला ऱ्हायलेले. तुमी बिलोलीच्या."

मी बिलोलीचीच. आणि खरं सांगते, माझ्या मस्तकात तिडीक गेली. आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात ते मला शाळेपासून पाठ आहे. आडनाव कळलं की समोरचा पुढचं सगळं स्वतःच ताडून घेतो आणि पाण्याचा तांब्या पुढं करायचा की नाही ते ठरवतो. मी कंबर कसून उभी राहिले. पण काकांनी आपल्या माठातलं पाणी पेल्यात ओतून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आन् मी झरंबे. किशनराव नारायणराव झरंबे. अख्ख्या मुलखात एकच घर. बसा, बाई."

हे "एकच घर" पुढं मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. साहेबाला, शिपायाला, चहावाल्याला, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला, सगळ्यांना. अनोळखी माणूस दिसला की काका म्हणणार, "झरंबे. ऐकलंय का कधी?" तो म्हणणार, नाही बुवा. मग काका ऐटीत मान हलवणार, "ऐकनारच न्हाईत. दुसरं घरच न्हाई."

नुसतं म्हणून थांबले असते तर आम्हीही सोडून दिलं असतं. पण काका ते रोज तपासून बघत. उस्मानाबादहून ट्रक भरभरून दप्तर आलं होतं, तालुक्या-तालुक्याच्या मतदार याद्या नव्यानं लागत होत्या. आता ही यादी काही आडनावांच्या क्रमानं नसते. गावाच्या वेशीपासून घर नंबर एक, दोन, तीन अशी ती चालते. म्हणजे एखादं आडनाव शोधायचं तर अख्ख्या गावाच्या घराघरात डोकावल्याशिवाय इलाज नाही. काका डोकावत. ओळीखाली फूटपट्टी धरायची आणि एकेक नाव वाचत खाली यायचं. गाव संपलं की कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक "निरंक" लिहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "चाकूर निरंक!" सगळी शाखा हसायची.

मी मात्र एक गोष्ट पाहून ठेवली होती. "निरंक" म्हणून झाल्यावर काका खुश दिसत नसत. पट्टी बाजूला ठेवत, उठून खिडकीशी जात आणि पाच-दहा मिनिटं बाहेर रस्त्याकडं बघत राहत. पैज जिंकलेला माणूस असं करतो का?

याद्या संपल्या की बाकीचं वाचन सुरू. दहावीच्या निकालाचं वर्तमानपत्र, लग्नपत्रिकेतले खालचे सगळे "आपले नम्र", देवळातली देणगीदारांची फरशी, शाळेची कोनशिला. एकदा साहेबांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे किल्लारीला गेलो. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, काकांचा पत्ता नाही. शेवटी सापडले गावातल्या शाळेत, भिंतीवरची माजी हेडमास्तरांची यादी वाचताना. मी म्हटलं, "काका, जेवण थंड झालं." ते म्हणाले, "जेवान कुटं बी मिळंल, बाई. ही भिंत पुन्ना कवा बगायला मिळंल?"

आडनावाचा अर्थ काय, हे दुसरं खूळ. दर रविवारी काका एसटीत बसून अर्थ शोधायला जायचे. निलंग्याच्या पलीकडं कानडी बोलणारे एक म्हातारबा होते. त्यांनी दोन विडे खाल्ले, विचार केला आणि म्हणाले, "नम्दल्ल." आमचा नव्हे हा शब्द, देगलूरला विचारा, तेलुगू असंल. देगलूरच्या म्हाताऱ्यानं तर विडाही न खाता सांगितलं, "मनदि कादु." आमचाही नव्हे. उर्दू बघा.

मग काका नांदेडला एका रिटायर उर्दू मास्तरांकडं गेले. मास्तर पक्के जुने निजामी, पाहुण्याला रिकाम्या हातानं कसे पाठवतील? त्यांनी सांगितलं, "जर्ब म्हणजे ठप्पा. नाण्यावर मारतात तो. तुमचे बुजुर्ग टाकसाळीत असणार, जनाब."

झालं! पुढचे तीन महिने काका टाकसाळीतून खाली उतरले नाहीत. "आमी टाकसाळवाले," असं शिपायाला सांगायचे. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, टाकसाळवाल्याच्या घरात एखादा चांदीचा रुपया तरी निघाला का?"

काका शांतपणे म्हणाले, "कसा निघंल? इमानदार व्हते."

ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही, असं म्हणून मी हात जोडले. पण काकांच्या आडनावाचा एक फायदा मात्र मी स्वतः घेतलाय, तो कबूल करायला पाहिजे. लातूरला मला खोली मिळेना. प्रत्येक घरमालकीण हसून दार उघडायची, "आडनाव काय म्हणालात?" विचारायची आणि मग तिला अचानक आठवायचं की खोली कालच गेली. त्या साली पावसानं ओढ दिलेली, नळाला चार दिवसांआड पाणी, तरी ह्यांचं पाणी आमच्या हातानं बाटायला तयार! चार घरं फिरल्यावर मी कचेरीत येऊन टेबलावर डोकं टेकलं. काकांनी टोपी घातली आणि मला आपल्या घरमालकाकडं घेऊन गेले.

मालक म्हणाले, "ह्या कोण?"

"आमच्याकडच्या."

मालकाच्या तोंडाला कुलूपच बसलं. कारण झरंबे म्हणजे कोण, कुणापैकी, हे त्या बिचाऱ्याला पाच वर्षांत उमगलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय राहिली नव्हती. मला शेजारची खोली मिळाली. जिन्यात मी म्हटलं, "काका, खोटं बोललात." ते म्हणाले, "कुटं? हितंच ऱ्हाता तर आमच्याकडच्याच झाल्या. ह्ये आडनाव लई कामाचं हाय, बाई. कुनालाच कायबी कळत न्हाई."

शेजारी राहायला गेल्यावर काकांचं घर कळलं. एक खाट, एक स्टो, भिंतीवर काकूंचा फोटो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. "झरंब्यांचा शेवटचा नग," असं काका छाती ठोकून स्वतःची ओळख करून द्यायचे आणि लोक हसायचे. मीही हसायचे. आता त्याची लाज वाटते.

एकदा मी सरळच विचारलं, "काका, दुसरं घर सापडलं तर तुमची ऐट जाईल. मग शोधता कशाला?"

"ऐट टिकली का बगावं लागतंय न्हवं?" एवढं म्हणून काकांनी स्टोला पंप मारायला सुरुवात केली. आवाजात पुढचं बोलणं बुडालं.

असंच एक-दोन वर्षं चाललं. मग याद्यांच्या दुरुस्तीचे दिवस आले. नवीन नाव घालायला लोकांची रांग, अर्ज घ्यायला मी. एक मुलगी पुढं आली. तेलानं चप्प बसवलेली वेणी, खांद्याला बालवाडीची कापडी पिशवी. मी तिचा अर्ज वाचला आणि माझं डोकंच फिरलं. नाव लिहिलं होतं, सुमन सोजरबाई झरंबे.

मला वाटलं, शाखेतल्या कुणीतरी म्हाताऱ्याची गंमत करायला पोरगी पाठवली. मी खेकसलेच, "कुणी पाठवलं गं तुला?"

"कोन पाठवंल? एकवीस पुरी झाली, मताचं वय झालं, मनून आले."

"वडिलांचं नाव?"

"लावत न्हाई. आईचं लावते. तसंच लिवलंय."

"आणि हे आडनाव? खरं सांग, कुठलं हे?"

"सरकारी हाय," ती म्हणाली.

"सरकारी?"

"हाव. आई सांगती. बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामावर व्हतो आमी. आमच्याजवळ लावण्याजोगं आडनाव नव्हतं, तर सरकारनं दिलं."

मी खो खो हसले. सरकारनं दुष्काळात खायला सुकडी दिली, मिलो ज्वारी दिली, आता आडनावंही दिली म्हणे! हसत हसत काकांना सांगायला मागं वळले. काका उभेच होते. पट्टी हातात घट्ट धरलेली, तोंड पांढरंफटक.

"आई हाय का?" त्यांनी विचारलं. तो आवाज काकांचा वाटलाच नाही.

"हाय की. भाईर लिंबाखाली बसलीय. इतकी वर्सं सोलापूरला इड्या वळून राहिलो. आता हितं वसतिगृहात सैपाकाला लागली."

"बलव." मुलगी गेली तसे काका मटकन खुर्चीत बसले.

"काका, अहो, दुसरं घर! सापडलं की! असं काय करताय?"

"सापडलं मंजी, बाई, ते मीच केल्यालं हाय," काका म्हणाले. आणि ती लिंबाखालून येईपर्यंत त्यांनी मला भराभरा सांगून टाकलं.

"मी दुष्काळी कामाच्या मस्टरवर, हजेरीपटावर व्हतो तवा, कंधारकडं. ही बाई पोरीला बोटाला धरून आली. नवऱ्याच्या घरून निघाल्याली, दंडावर वळ. मी मनलं आडनाव सांगा. मनली, सासरचं लिवलं तर हुडकत येतेल, म्हायेरचं लिवलं तर ते पुन्ना तितंच नेऊन घालतेल. रिकामं ऱ्हाऊ द्या. आता मस्टरवर रिकामं कसं ठिवावं? तपासनीला साहेब आला की आर्धं नाव मंजी बोगस, मारली रेघ. रेघ मारली की रोज गेला, पोरीची सुकडी गेली. मंग मपलं, सोताचंच लिवलं. कुनाला माग लागनार न्हाई आसं तेवढंच आडनाव मला ठावं व्हतं."

"आणि सरकारी का सांगितलंत?"

"मंग काय सांगू? मपलं हाय मनलो आसतो तर टोपलं तितंच टाकून पळाली आसती. परका बाप्या आडनाव द्यायला लागला तर बाईमानसानं काय समजावं? पाऊस पडला, काम बंद झालं, बाया पांगल्या. घरी बायकुला सांगितलं. ही मनली, लई चांगलं केलं, आपल्यामागं कुनी तरी लावंल. मरताना बी त्येच मनली, त्या पोरीला हुडका, जेवतीया का उपाशी हाय ते बगा." काकांनी नाक पुसलं. "उगड कसं हुडकावं? कुनाकुनाला इचारलं आसतं तर सासरचे बी जागे झाले आसते. मनून एकच घर, एकच घर मनून बोंबलत हिंडलो. लोकांना वाटंल येडं हाय, पन यादी तर बगू देतेल."

इतके दिवस मी ह्या माणसाला खुळा म्हणत होते! काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग ते टाकसाळ?"

"कशाची टाकसाळ? आमच्या आज्याला बी आसंच कुन्या तरी निजामी कारकुनानं दिलं आसंल. ना कानडीत घावलं, ना तेलुगूत."

तेवढ्यात मायलेकी आल्या. सोजरबाई ठेंगणी, काळीसावळी, कपाळ रिकामं, पदर घट्ट खोचलेला. ती काकांकडं बघत राहिली.

"मस्टरवाले भाऊ न्हवं तुमी?"

काकांनी नुसती मान हलवली. टेबलावरची पाटी मुलीनं वाचली आणि ओरडलीच, "आई, ह्येंचं बी झरंबेच हाय!"

सोजरबाईनं पाटीकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तरी तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मंजी सरकार तुमीच व्हय?"

"खोटं सांगितलं मी," काका कसेबसे म्हणाले. "इचारायला पायजे व्हतं तुमाला. चुकलं आसंल तर माफी करा."

"आवो, मी इतकी वर्सं सरकारला दुवा दिऊन राहिले की!" सोजरबाई म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ह्या आडनावावर पोर शाळंत घातली. कुनी मागं आलं न्हाई. कुनी मागं आलंच न्हाई, भाऊ."

रांगेतले लोक वाकून बघत होते. साहेबही दारात येऊन उभे राहिले होते. सोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि साधं विचारावं तसं विचारलं, "घरी कोन कोन हाय तुमच्या?"

"कोनी न्हाई," काका म्हणाले.

"न्हाई कसं?" सोजरबाई त्यांच्यावर रागावलीच. "आमी दोगी हाव न्हवं!"