खैरबोडीच्या सात ठिपकेदार दगडफुलांची बखर

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष वद्य पंचमी, मुक्काम अर्जुनी मोरगाव. अखंडित सौभाग्यवती, मसाल्याच्या डब्याच्या कुलमुखत्यार, गृहस्वामिनी नंदाबाईसाहेब यांचे हुजुरी सेवकाचा शिरसाष्टांग दंडवत. साहेबी भाऊबीजेचे सायंकाळी आज्ञा केली की, गोंदियाहून सख्खा भाऊ आला, पाट मांडिला, रस्सा चुलीवर चढला, आणि ऐन वक्ती डब्यातील दगडफूल गायब जाहले, आणि त्याबरोबर घरधनीही गायब जाहले, तरी ही लूट कोणी, कोणत्या मनसुब्याने केली, त्याची साद्यंत हकीकत तिखटमीठ न लावता लिहून हुजूर रुजू करणे. त्यास अडीच महिने विलंब जाहला. कारण की, जे जाहले ते फत्ते की फजिती, हेच परवापावेतो सेवकास ठाऊक नव्हते. आता कळले. सबब लिहितो.

तरी या मोहिमेचे सरदार राजमान्य राजश्री ईश्वरदासराव गहाणे, कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, वय वर्षे सत्तावन्न, गुडघे त्याहून थोर. यांच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधिले, मातीचे बांध म्हणजे पाळी घातल्या, पाणी अडवून मुलूख धानाने हिरवा केला. आणि त्या कुळात जन्म घेऊन सरदारांनी काय केले, तर झाडाच्या सालीस नाक लावून तासन् तास उभे राहण्याची विद्या संपादिली. लोक म्हणत, सरांची तब्येत बरी नाही की काय. परंतु सरदार शैवाक पाहत असत. शैवाक म्हणजे दगडफूल आणि त्याचे भाऊबंद. बुरशी आणि शेवाळ या दोन घराण्यांनी तह करून एकाच छपराखाली मांडलेला संसार. शेवाळाने रांधावे, बुरशीने घर सांभाळावे, ऐसा करार. आणि कोठे कोठे या संसारात तिसरीच एक बुरशी पाहुणी म्हणोन येते, काळ्या ठिपक्यांचे बिऱ्हाड मांडते आणि जायचे नाव घेत नाही. या पाहुणीची जिल्ह्यातून एकही नोंद नव्हती. ती आपल्या नावे व्हावी, हा सरदारांचा एकच ध्यास.

ध्यासाचे मूळ एका जुन्या घावात होते, तेही सांगितले पाहिजे. अकरा वर्षांमागे सरदारांनी एका सागाच्या सालीवरून पिवळेधमक शैवाक खरवडून, नवी नोंद म्हणोन मोठ्या थाटाने परमुलुखीच्या पंडितांकडे रवाना केले होते. पंडितांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि एका ओळीचा खलिता धाडिला की, पाठविलेला नमुना ऑइलपेंट आहे. मागाहून उलगडा जाहला की, वनखात्याने झाडावर नंबर घातला होता आणि सरदारांनी त्यातील साताची शेपटी उपटून पाठविली होती. हाय हाय! तो खलिता सरदारांनी ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली दडविला, आणि तेव्हापासून कोणी घरास रंग देऊ म्हटले की सरदार उठून परसात जात. साहेबांस याचे कारण आजवर ठाऊक नव्हते, आता जाहले.

मग यंदा आश्विन शुद्ध पंचमीस सरदारांची स्वारी इटियाडोह धरणाकडे निघाली असता, वाटेत मौजे खैरबोडी येथील तलावाच्या पाळीवर, तिसऱ्या आंब्याच्या बुंध्यावर, करड्या दगडफुलाच्या पाकळीवर मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले. एक तुकडा कॉलेजात नेऊन पाहिला, तो ठिपके कच्चे, आत बीजाणू नाहीत, आणि बीजाणूंवाचून पंडित नाव सांगत नाहीत. तेव्हा महिनाभर ठिपके पिकू द्यावे, ऐसी मसलत ठरली. आणि येथेच सरदारांनी ती घोडचूक केली. तलाव समितीचे अध्यक्ष, पाळीचे राखणदार भैयालाल लंजे यांस झाडाखाली उभे करून, यावर बुरशी आहे, आणि तिच्यावर आणखी एक बुरशी आहे, मी भाऊबीजेस येतो, तोवर या झाडाकडे लक्ष असू द्या, ऐसे व्याख्यान पाऊण तास दिले. व्याख्यान उत्तम जाहले. ऐकणारा सात पिढ्यांचा धानकरी आहे, एवढेच तेवढे ध्यानी आले नाही.

पुढे भाऊबीजेचे प्रातःकाळी सरदार मोहिमेस निघाले. दोन प्रहरी पाटावर हजर होतो, ऐसे वचन साहेबांस दिले, ते त्या घडीस खरेच होते. संगतीस प्रयोगशाळेचे परिचर मुन्नालाल, गोंदियाचे जवान, मोटारसायकलीचे सारथी. हत्यारे येणेप्रमाणे: भिंग एक, चिमटा एक, छिन्नी-हातोडी, आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या चाळीस. चार कोस मजल मारून स्वारी पाळीवर दाखल जाहली आणि पाहते तो काय! साऱ्या झाडांस खाली गेरू, वर चुना, ऐसे पट्टे. परवा चतुर्थीस गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, लेकीबाळी माहेरी येणार, नाटक होणार, म्हणोन गावाने पाळ सजविली होती. आणि तिसरा आंबा? त्यास तर खुरप्याने घासून घासून गुळगुळीत केला होता, आणि वर चुन्याचे दोन हात जादा.

मुन्नालाल टोपी काढून म्हणाले, “सर, ये तो पूरा पेंट हो गया.”

रंग! दुसऱ्यांदा रंग! सरदार मटकन पाळीवर बसले आणि त्यांस काही केल्या उठवेना. इतक्यात भैयालालजी हसतमुखे आले आणि स्वतःच्या कामगिरीकडे बोट दाखवून उभे राहिले. सरदारांनी क्षीण आवाजात खुलासा मागितला. त्यावर भैयालालजींचे उत्तर जसेच्या तसे: “सर, तुमीच तं म्हणलं बुरशी लागली म्हून. धानाले करपा आला तं आपन पाहत बसतो का? झाडानं मंग कोन्तं पाप केलं? लक्ष ठेवा म्हणलं, मी सोताच्या हातानं खरडून काढलं.” यात खोट काढावी तरी कोठे? गुरूने रोग दाखविला आणि शिष्याने इलाज केला. पाऊण तासाच्या व्याख्यानाचे फळ ते हे. सरदारांस मनोमन पटले की, या मुलुखात बुरशी हा शब्द धानकऱ्यासमोर उच्चारून वर कौतुकाची अपेक्षा धरणारा मूर्ख एकच, आणि तो पाळीवर बसला आहे.

मग बुडत्याने हात मारावा तैसे सरदारांनी पुसिले की, खरवडलेले कोठे टाकिले. भैयालालजी म्हणाले, टाकतो कुठला, बायकोनं नेलं. हे कानी पडताच सत्तावन्न वर्षांचे गुडघे विसरून सरदारांनी लंज्यांच्या घरावर ऐसी धाव घेतली की कोंबड्या छपरावर चढल्या.

तेथे कुंदाबाई लंजे, भैयालालजींच्या कारभारीण, चुलीपुढे बसलेल्या. कढई तापलेली, तेल सोडलेले, आणि बाजूस सूपभर दगडफूल, वाळवून, निवडून, मसाल्यात पडण्याच्या तयारीत. सरदारांनी उंबऱ्यातूनच थांबा ऐसा पुकारा केला. बाईंनी मान वळवून वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, “काऊन? मंडईले पावने येऊन रायले. मसाला का तुमी कुटून देता?” सरदारांनी हात जोडून विनविले की, हे दगडफूल अनमोल आहे, चुलीत घालू नये. बाई म्हणाल्या, अनमोल आहे म्हणूनच तर वेचून आणले. बाजारची पुडी चिमूटभर निघते. तडजोडीस पुष्कळ वेळ लागला आणि शेवटी तहाचे कलम ठरले की, मंडईच्या मसाल्यास पुरेल इतके दगडफूल सरदारांनी बदली आणून द्यावे, तोवर कढई खाली उतरेल, आणि ते नाही आले तर पुन्हा वर चढेल.

आता सणाचा दिवस, दुकाने बंद, दगडफूल मिळावे कोठे? सरदारांस सबंध पृथ्वीवर एकच भांडार आठवले. साहेब त्या समयी भावास ओवाळण्याचे ताट सजविण्यात गुंतल्या होत्या. सरदार मागील दाराने शिरले, डबा उघडला, पुडी उचलली, झाकण लावले, आणि मेहुण्यांचा आवाज ओसरीवरून आला असता, आलोच, ऐसे खोटे बोलून पसार जाहले. हा गुन्हा सरदारांचा एकट्याचा. मुन्नालाल बाहेर गाडी चालू ठेवून उभे होते, परंतु त्यांस आत काय चालले ते माहीत नव्हते, ऐसे त्यांचे म्हणणे आहे.

परत येऊन तह पुरा केला आणि सरदार अंगणात खाटेवर सूप घेऊन, डोळ्यास भिंग लावून बसले. एकेक पाकळी चिमट्याने उचलावी, उलटावी, निरखावी, खाली ठेवावी. एक प्रहर गेला. मान लुळी पडली, डोळ्यांस धारा लागल्या, अंगणाच्या कडेस गावच्या म्हाताऱ्या जमून हळहळू लागल्या. सूप संपले आणि त्यात ठिपका एकही नव्हता. सरदारांनी भिंग मिटले. तीन वर्षांत नोकरी संपेल, नंतर पुड्या कोणी पाठविल्या तरी पंडित ऑइलपेंटवाले गहाणे म्हणोनच ओळखतील, ऐसे मनात येऊन सरदार चारचौघांत रडले. लाज वाटली, पण रडले.

कुंदाबाई चहा घेऊन आल्या. “एवढं का पाहून रायले त्यात? चांगलंच आहे ते सारं. सडकं मी काल्लच काढून ठेवलं.”

“सडकं म्हणजे?”

“काये काये ठिपके होते त्याच्यावर. झाडताना फेकून देतो म्हणलं.”

आणि बाईंनी दाराआडून पळसाचे पान आणिले, तो त्यावर सात तुकडे, आणि सातांवर टपोरे, पिकलेले, काळे ठिपके! भिंग नाही, पदवी नाही. तांदळातले खडे निवडावे तैसे सूपभर दगडफुलातून बाईंनी नुसत्या नजरेने नेमके सात वेचून काढिले होते. आणि सरदार प्रहरभर बसले होते ते चांगल्या मालात! मुन्नालाल नाचू लागले. सरदार खाटेवरून पडता पडता वाचले.

मग पुडी बांधून वर चिठ्ठी लिहावयाची वेळ आली. ठिकाण: खैरबोडी तलावाची पाळ, आंबा तिसरा. आधार: दगडफूल. त्याखाली वेचणाऱ्याचे नाव. नोंद जन्मभर त्याच नावे चालते, आणि शास्त्राचा कायदा साफ आहे की ज्याने वेचिले त्याचे नाव. सरदारांचा हात थांबला. अकरा वर्षे या एका ओळीकरिता काढिली होती. मुन्नालाल कानाशी म्हणाले, “लिख दो ना सर अपना, किसको पता चलेगा?” कोणासच न कळते, हे खरे. सरदारांस मोह फार जाहला. नाही म्हटले तर ही बखर खोटी पडेल. ईश्वरदासमधला पहिला ई लिहूनही जाहला होता. मग त्यांनी तो खोडला, आणि लिहिले: कुंदाबाई भैयालाल लंजे.

बाई म्हणाल्या, “माहं नाव कायले? मी तं फेकून रायली होती.”

“ओळखलं तुम्हीच ना, बाई,” सरदार म्हणाले, आणि पुडी झोळीत टाकिली.

दिवेलागणीस घरी आले, तेथे जे जाहले ते साहेबांस विदितच आहे. लिहून जखम उघडी करीत नाही.

काल पंडितांचा खलिता आला. पहिलीच ओळ: यावेळी रंग नाही. पुढे, बीजाणू पक्व, पाहुणीचे नाव निश्चित, जिल्ह्यातील पहिली नोंद. वेचणार कुंदाबाई लंजे. आणि शेवटी, पुडी नीट बांधून पोस्टात टाकल्याबद्दल ई. गहाणे यांचे आभार. सरदारांनी तीन वेळा वाचिले. वाईट वाटले, आणि वाईटाहून बरे पुष्कळ वाटले. मग तसेच खैरबोडीस जाऊन बाईंस वाचून दाखविले. बाईंनी हात धुतले, कागद घेतला, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेविला, आणि आतून एक पुडी आणून सरदारांच्या हाती दिली. “तुमचं सातच तं नेलं तुमी. बाकी माहं मले पुरलं. हे बाईले देजा, भाऊबीजेचा रस्सा बिनदगडफुलाचा झाला म्हणे.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नाव कुंदाबाईंचे, आंबा भैयालालजींचा, आभार सरदारांचे. ट्रंकेतील जुना खलिता काढून या कागदासोबत ठेविला आहे, साहेबी वाचून पोटभर हसावे. बखरीचे अक्षर कोणाचे, ते साहेबी पहिल्याच ओळीस ओळखिले असेल. दगडफुलाची पुडी सोबत रवाना केली आहे. प्रत्येक तुकडा भिंगाखाली तपासिला, ठिपका एकावरही नाही. मेहुण्यांस पुन्हा बोलवावे, रस्सा करावा, आणि पाटावर एक पान सेवकाचेही मांडावे, ही विनंती.