बांधावरची हजेरी

सकाळी आठला आमच्या शेजारच्या बांधावर शिट्टी वाजते. सदाभाऊ गवतातल्या सरड्यांची हजेरी घेत असतात.

मी थट्टा नाही करत. हातात वही असते, डोक्यावर पिवळं हेल्मेट असतं. रसायनीकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, तिथलं सगळं घरी आणलंय. विळीवर कांदा चिरायला बसले तरी गॉगल लावतात. त्यांच्या चुलीजवळ वाळूची बादली कशाला, हे आमच्या कडाव गावात आता कुणी विचारत नाही.

सरड्यांचं खूळ मात्र नवीन. कॉलेजची दोन पोरं आली, पोटावर पडून फोटो काढले आणि सांगून गेली, की हा बोटाएवढा सरडा आपल्या ह्या डोंगरांच्या पायथ्यालाच सापडतो, पुस्तकातही फारसा नाही. झालं. त्या दिवसापासून बांधावरचे सात सरडे सदाभाऊंचे कामगार झाले. ऊन चढलं की "फस्ट शिफ्ट आली." ढग आले की "आज सुट्टी." एकाची शेपूट तुटलीय, त्याला म्हणे हलकं काम.

माझं काय जातंय, मी हसायची आणि सोडून द्यायची. पण यंदा त्यांनी माझा राब अडवला. भाताचं रोप जिथं करायचं ती जागा आम्ही शेण, पाला, गवत पसरून भाजून काढतो, तोच राब. ते झाल्याशिवाय पेरणी नाही. वारा पडलेला होता, मी काडी पेटवणार, तेवढ्यात शिट्टी.

"थांबा वयनी. सहाच दिसतायत. एक राबात हाय."

"गेला असंल कुठं तरी."

"बघितल्याबिगर आग लावायची नाय."

आणि थाळी बडवत राबाभोवती फिरायला लागले. अर्धा तास. बांधावर चौघं जमले नि खिदळायला लागले. वारा परत उठायच्या बेतात. माझं डोकंच फिरलं.

"सदाभाऊ, तो सरडा काय तुमच्या हजेरीच्या मस्टरवर हाय का?"

त्यांची थाळी थांबली.

"मस्टरवर नव्हता म्हणूनच आत राह्यला, वयनी."

"कोण?"

"वाडीवरचा पोरगा. कंत्राटदारानं त्याच दिवशी आणलेला. कारखान्यात गॅस सुटला, आमी समदे गेटपाशी जमलो. मी यादी वाचली. समदे हजर. मीच सांगितलं, आत कुणी नाय."

मला माझ्या जिभेचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

मी पदर खोचला आणि राब उपसायला घेतला. ते चौघंही बांधावरून उतरले. थर न् थर बाजूला काढला, पार माती दिसेपर्यंत. सरडा नव्हताच. सदाभाऊ गुडघ्यांवर बसून मोकळ्या जमिनीवर हात फिरवत राहिले.

राब पुन्हा रचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मी काडेपेटी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी हात मागं घेतले.

"तुमीच लावा, वयनी," ते म्हणाले. "मी बघितलंय. आत कुणी नाय."