स्पॅनिशच्या पाठाला सुधारणेस वाव

वाटूर फाट्याजवळच्या एका खाजगी शाळेने स्पॅनिश शिकवायचे ठरवले, कारण फ्रेंच शेजारच्या संस्थेने आधीच घेऊन टाकली होती. माहितीपत्रकावर एक विदेशी भाषा असणे अत्यावश्यक होते. त्यानुसार जुन्या जालन्याच्या सुमेधा मॅडमना प्रशिक्षणार्थी म्हणून नेमण्यात आले. पाठ निरीक्षकांच्या पसंतीस उतरले तर नोकरी कायम, न उतरले तर नारळ. निरीक्षक म्हणून नागरिकशास्त्राचे कल्याण सर निवडले गेले. त्यांना स्पॅनिशचे एक अक्षरही येत नव्हते, त्यामुळे ते निःपक्षपातीपणे काम करतील अशी व्यवस्थापनाची खात्री होती.

पहिल्या पाठाला सर शेवटच्या बाकावर बसले. मॅडमनी पिशवीतून मोसंब्या काढल्या आणि सहावीच्या वर्गात बाजारच भरवला. पोरे स्पॅनिशमध्ये ओरडून माल विकू लागली. एरवी हजेरीलाही जेमतेम तोंड उघडणारी शालू मोसंबी घेऊन थेट सरांपुढे उभी राहिली.

"सर, आधी विचारा. कुआंतो कुएस्ता?"

"म्हणजे?"

"केवढ्याला दिली. म्हणा की!"

सरांनी म्हटले. शालूला उच्चार पटला नाही. तिने दोनदा वदवून घेतले आणि मगच भाव सांगितला. तास संपला तेव्हा सरांना चक्क वाईट वाटले. कितीतरी वर्षांत त्यांना वर्गात एवढी मजा आली नव्हती. पाठ उत्कृष्ट झाला असे त्यांनी संस्थेचे अध्यक्ष रखमाजी अण्णांना जाऊन सांगितलेही.

"काहीच चुकलं न्हाई?" अण्णांनी चष्मा वर केला. "मंग तुम्ही तिथं काय करून राह्यले व्हते?"

प्रश्न बरोबर होता. अभिप्रायाचे एक शास्त्र असते. आधी गुण सांगायचे, मग 'सुधारणेस वाव' या सदराखाली उणिवा. उणीवच सापडली नाही तर निरीक्षकाला डुलकी लागली होती असे धरले जाते. सरांनी स्टाफरूममध्ये मॅडमना समोर बसवले.

"आवाज खणखणीत, मॅडम. साधनं बी चांगली. पण फळ्यावर तारीख न्हाई. वर्गात खायच्या वस्तू आल्या. अन् गोंगाट बिलकुल जास्त."

"सर, पोरं बोलली की! भाषेचाच तास होता."

"बोलली, तेच तर सांगून राह्यलो. तुमच्यापेक्षा जास्त बोलली."

मॅडमना नोकरी हवी होती. पुढच्या पाठाला तारीख आली, मोसंबीच्या जागी मोसंबीचा तक्ता आला आणि पोरे एका सुरात मॅडमच्या मागून शब्द म्हणू लागली. सरांनी शिस्तीचे कौतुक केले. मात्र तो सूर भिंतीपलीकडे गणिताच्या तासाला जात होता, ही गंभीर बाब त्यांना नोंदवावी लागली. तेव्हा पोरांनी म्हणू नये, उतरवून घ्यावे.

तिसऱ्या पाठाला वर्गात फक्त पेनांची कुरकुर होती. सर खूश झाले आणि लगेच अडचणीतही आले.

"फळ्यावर काय लिहिलं ते मला समजलं न्हाई, मॅडम. निरीक्षकाला समजलं न्हाई तर पोरांना कसं समजंल?"

"स्पॅनिश आहे, सर."

"तेच म्हणतो. अनोळखी शब्द जास्त झाले. मराठीत लिहा ना."

"मंग स्पॅनिश कुठं राहिली?"

"विषयाच्या नावात हाय की!" सर समजुतीच्या स्वरात म्हणाले. मॅडम पर्स उचलून निघून गेल्या.

शेवटच्या पाठाचे शीर्षक होते 'स्पॅनिश भाषेचे महत्त्व : प्रमुख मुद्दे'. फलकलेखन सुबक होते. मुद्द्यांखाली रंगीत खडूच्या रेघा होत्या. तासभर कोणी चकार शब्द काढला नाही. शालू मान खाली घालून पट्टीने समास आखत होती. सरांना राहवले नाही. ते तिच्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "कुआंतो कुएस्ता?"

शालूने दचकून आधी मॅडमकडे पाहिले. मग ओठांवर बोट ठेवून सरांना गप्प केले.

सरांनी अभिप्रायाचा कागद पुढे ओढला. पण पाठात उणीव शोधूनही सापडेना आणि या वेळी अण्णांनीही ती मागितली नाही. सुमेधा मॅडमची नोकरी कायम झाली. पेढे वाटताना त्या फारशा हसल्या नाहीत.

मग पालकसभा झाली. शालूचे वडील अंगदराव यांनी तिची स्पॅनिशची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. लाल शाईच्या बरोबरच्या खुणांवर बोट फिरवले.

"लई मेहनत घेतली मॅडमनी," ते वही सभेला दाखवत म्हणाले. "एक पान कोरं न्हाई!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी उठेल आणि पोरीला एखादे वाक्य बोलून दाखव म्हणेल, या आशेने कल्याण सर दारापाशी उभे होते. सभा संपली, चहा झाला, कोणी म्हटले नाही. आपणच म्हणावे असा विचार सरांच्या मनात आला होता, पण ते निरीक्षक होते, पालक नव्हते.

आपल्याला या मंडळींचे हसू आले असेल तर जरूर हसा. मात्र काल संध्याकाळी आपल्या पोराला जवळ बोलावून आपण काय म्हणालो होतो, 'काय शिकलास ते बोलून दाखव' की 'वही दाखव', तेवढे एकदा आठवून घ्या.