उलटं बाकडं

नवागामच्या आमच्या गल्लीत तुम्ही कधीही बस पकडायला जा, बस आत्ताच गेलेली असायची. निदान हिलालआप्पांच्या म्हणण्याप्रमाणे तरी. सकाळी जा, भर दुपारी जा, बस तुमच्या पाठीशी दार उघडं ठेवून उभी असू दे, कंडक्टर बोंबलत असू दे, आप्पा आपल्या ओट्यावरून हात हलवून खणखणीत आवाजात सांगणार, "आत्तेच गई. बठा."

बठा म्हणजे बसा. आप्पा शिंदखेड्याकडचे, उभा जन्म सुरतेत गेला तरी अहिराणी काही सुटली नाही. नवीन माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवून बिचारा बसायचा. जुना माणूस हसून बसमध्ये चढायचा. मी चांगली जुनी असूनही पुष्कळदा बसलेली आहे, पण ते पुढे येईलच.

बसायचं ते सिमेंटच्या बाकड्यावर, आणि ते बाकडं उलटं होतं. म्हणजे बसणाऱ्याची पाठ रस्त्याला आणि तोंड थेट आप्पांच्या ओट्याकडे. बस कुठून येते ते बघायला मान मोडायची. त्याचं असं झालं, की बाकडं बसवायला ठेकेदाराचा जो माणूस आला तो निघाला नंदुरबारकडचा. आप्पांनी त्याला गाव विचारलं, मग आईचं माहेर विचारलं, मग चहा पाजला, आणि ऊन उतरेपर्यंत तो त्यांचा लांबचा भाचा झाला. भाच्याने मामाचा शब्द मोडला नाही. बाकडं फिरवून बसवलं. का, म्हणून विचारलं तर आप्पा सांगायचे, रस्त्याची धूळ लोकांच्या डोळ्यांत जाते. बाईमाणसांचा त्यांना फार कळवळा, असं आम्हाला वाटायचं.

मी मूळची अकोल्याची. इथल्या मराठी शाळेत शिकवते. यजमान वापीला नोकरीला, शनिवारी येतात नि सोमवारी पहाटे जातात. आमचं घर आप्पांच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावर. तेव्हा आप्पा मला चुकले नाहीत आणि मी त्यांना चुकले नाही.

आप्पांना ऐकू येत नसे. इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. त्या खात्यात आयुष्य काढलं, आणि तिथल्या खडखडाटाने दोन्ही कान नेले. मुलाने पुण्याहून चांगलं कानाचं मशीन आणून दिलं होतं. आप्पांनी ते आठवडाभर लावलं आणि डबीत घालून ठेवलं. म्हणाले, ह्याच्यात पुन्हा खातंच ऐकू येतं, त्यातून तर सुटलो. पण आप्पा बहिरे आहेत हे नव्या माणसाला कळायचंच नाही. खात्यात सगळे ओठ बघूनच बोलतात. ती सवय इतकी पक्की, की समोर तोंड असलं म्हणजे आप्पांना कानांची गरज उरत नसे. मराठी, गुजराती, हिंदी, उडिया, तोंड कुठल्याही भाषेत हलू दे.

ह्याचा त्रास कसा होतो ते मला विचारा. एका रविवारी आमचं दोघांचं खिडकीत उभ्याउभ्या वाजलं. आवाज अगदी खाली ठेवून, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मी स्टॉपवर आले तर आप्पा सगळ्या बाकड्यासमोर म्हणतात, "ताई, साहेबांना कारलं आवडत नही, मग कशाला करता?" सोबतच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या आठवड्यात मी खिडकीला जाड पडदा शिवला. आप्पांनी त्याचंही कौतुक केलं. रंग चांगला आहे म्हणाले.

तर असं हे चाललं होतं. बाकड्यावर माणूस बसला, की आप्पांचा पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" मग तालुका, मग आडनाव, मग कुणाकडची सोयरीक. कुणी ना कुणी निघायचंच. न निघालं तर आप्पा आणखी एक पिढी मागे जायचे. तेवढ्यात आतून चहा. आप्पा करायचे तो चहा इतका गोड, की पहिला घोट घेऊन माणूस दचकायचा. चहा अर्धा झालेला असायचा आणि तेवढ्यात बस यायची. हातातला चहा टाकून उठायचं म्हणजे वाईट दिसतं ना? कितीतरी लोकांची बस त्या चहाने चुकवली. कंडक्टर तर स्टॉपचं सरकारी नाव विसरूनच गेले होते. "चलो, आप्पा, आप्पा!" असंच ओरडायचे.

भांडण निघालं ते गाड्यांवरून. गाडी ठेवायची कुठे हा विचार गाडी घ्यायच्या आधी आमच्या गल्लीत आजवर कुणी केलेला नाही. गाडीची पूजा होते, पेढे वाटले जातात, आणि मग मालक किल्ली हातात घेऊन जागा शोधत फिरतो. त्यात घनश्यामभाईंचे दोन टेम्पो. साड्यांची पोटली बाजारात पोचवायचा त्यांचा धंदा. टेम्पो रस्त्यावर, बसही त्याच रस्त्यावर, आणि वळणावर दोघं समोरासमोर आले की ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून झोपून जायचा. घनश्यामभाई माणूस वाईट नाही. पण त्यांनी डोक्यात घेतलं, की स्टॉप मेन रोडला न्यायचा. लोकांच्या सह्या घेतल्या. सह्या पुष्कळ मिळाल्या, कारण ज्याची जागा जायची तो एकटा आणि ज्याला जागा मिळायची ते सगळे.

आप्पांना ते कळलं, अर्थातच कुणाच्या तरी ओठांवरून. दुसऱ्या दिवशी स्टॉपच्या बाजूला, जिथे टेम्पो लागायचा बरोबर तिथे, आप्पांची खाट. खाटेवर मिरच्या वाळत घातलेल्या. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांना बोलावून बिबड्या घालायला लावल्या. ज्वारीच्या त्या पापडांनी निम्मा रस्ता भरला. घनश्यामभाई हात जोडून उभे, टेम्पो ठेवू कुठे म्हणत. "काका, समजो ने. मारो टेम्पो क्यां मूकुं?" आप्पा म्हणाले, "बठा ना घनश्यामभाई. आत्तेच गई." घनश्यामभाई बसले, चहा प्यायले, आणि टेम्पो लांब कुठेतरी लावून घाम पुसत परत आले.

शेवटी महापालिकेचे एक साहेब स्टॉपच्या पाहणीला आले. मी त्या दिवशी शाळेत उशिरा जाईन असं सांगून ठेवलं होतं. बोलायचं काय ते पाठ केलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी मेन रोडपर्यंत चालायचं कसं, बायकांनी अंधारात तिथे उभं कसं राहायचं. मास्तरीणच मी, मुद्दे काढायला काय लागतं. साहेब उलट्या बाकड्यावर बसले. आप्पांनी गाव विचारलं. साहेब बारडोलीकडचे, तरी तिथल्या साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेलेला एक चुलतभाऊ आप्पांनी काढलाच. चहा आला. सगळं छान जमून येत होतं.

मग साहेबांनी सहज विचारलं, "काका, आप रोज बस में कहाँ जाते हो?"

"कोठेच नही," आप्पा म्हणाले. "मी तिच्यात कधी चढलो नही."

"एक बार भी नहीं?"

"माले कोठे जानं से?"

सगळी गल्ली खो खो हसली. साहेबांना चहाचा ठसका लागला. घनश्यामभाईंनी आकाशाकडे बघून हात जोडले. माझे पाठ केलेले मुद्दे तोंडातच राहिले, कारण त्यानंतर त्यांना विचारतो कोण.

साहेब गेल्यावर मी आप्पांसमोर बाकड्यावर बसले आणि चांगली झाडली. "दवाखान्यात जातो म्हणायचं होतं! देवाला जातो म्हणायचं होतं! आणि चढायचंच नाही तर भांडता कशाला हो बसपायी? वर येणाऱ्या-जाणाऱ्याला गेली गेली म्हणून खोटं सांगता ते वेगळंच."

आप्पांनी माझं सगळं बोलणं ओठांवरून नीट वाचून घेतलं. मग त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाले, "ताई, येई राह्यनी असं सांगितलं ना, तर मानूस उभा राहस. रस्त्याकडे देखस. मग माले काय दिसी, त्याचं डोकं? गई सांगितलं का बठस. मग त्याचं तोंड मनाकडे येस."

मनाकडे म्हणजे माझ्याकडे. बाकडं धुळीसाठी उलटं नव्हतं तर.

"आक्का व्हती तवय घरमा एक तोंड व्हतं," आप्पा आपल्या गेलेल्या बायकोबद्दल म्हणाले. "आते भिताडं शेतस."

मुलगा रोज फोन करतो, चेहरासुद्धा दिसतो, मी म्हणाले. आप्पा हसले. त्या फोनमध्ये म्हणे चेहरा थांबून थांबून हलतो, ओठ मागे राहतात, काही वाचता येत नाही. आप्पा नुसतं हो हो म्हणतात आणि सून पंखा दाखवते की छत ते बघत राहतात. माझा राग कुठे गेला कळलं नाही. घरी तरी माझी कोण वाट बघत होतं? शनिवारपर्यंत माझ्याही घरात भिताडंच होती, आणि उलट्या बाकड्यावर मी इतक्या वेळा का बसले हे मला त्या दिवशी कळलं. माझी शाळेला जायची बस हॉर्न वाजवून निघून गेली. तेवढी तरी खरंच गेली.

स्टॉप हलला. मेन रोडला चकचकीत स्टीलचा नवा स्टॉप झाला, वर छप्पर, सगळ्या खुर्च्या एका रांगेत आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. आप्पा काही दिवस तिथे जाऊन पाहात होते. बसणार कुठे? शेजारच्याचा फक्त कान दिसायचा. म्हणून ते लोकांपुढे, रस्त्याला पाठ करून उभे राहायचे आणि गाव विचारायचे. लोक त्यांच्या खांद्यावरून बस बघायचे. कानात वायरी घातलेला एक जण म्हणाला, काका, थोडा साइड में. आप्पांनी ते वाचलं आणि बाजूला झाले. त्यानंतर ते गेले नाहीत.

गल्लीत बाकडं मात्र राहिलं. ते काढायला माणसं आली तेव्हा घनश्यामभाईंनीच अडवलं. "ए तो काकानुं छे," म्हणाले. पण त्यावर बसणार कोण? मागे टेम्पो, पुढे ओट्यावर आप्पा, मध्ये रिकामं बाकडं. शाळेतून येताना मी रोज थोडा वेळ बसायचे. आप्पा चहा करायचे. पण गल्लीत त्यांचा आवाज येईनासा झाला होता, आणि सकाळी मला घड्याळाचा गजर लावावा लागायचा.

मग पुण्याचा मुलगा आला, रवींद्र. फार चांगला मुलगा. त्याने घर आवरलं, भांडी शेजाऱ्यांना दिली, आप्पांना घेऊन जायचं ठरवलं. टॅक्सी बोलवतो म्हणाला, तर आप्पा हटून बसले. उधना स्टेशनपर्यंत बसनेच जायचं. जिच्यासाठी भांडलो तिच्यात एकदा तरी चढू दे म्हणाले.

मी शाळेला जायला मेन रोडला आले तर आप्पा तिथे. धुतलेली टोपी, पायाशी पिशवी, मशीनची ती डबी सदऱ्याच्या खिशात. रवींद्र पाण्याची बाटली आणायला पलीकडे गेला होता. आप्पा उभे होते आणि रस्त्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना बसची वाट बघताना पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. हाक मारून उपयोग नव्हता. मी पुढे गेले, त्यांच्यासमोर रस्त्याला पाठ करून उभी राहिले आणि सावकाश, ओठ नीट हलवून म्हणाले, "आत्ताच गेली, आप्पा. बसा."

आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग असे मोठ्यांदा हसले, की स्टॉपवरची सगळी माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

माझ्या पाठीमागे हॉर्न वाजला. दार उघडल्याचा आवाज आला, कंडक्टर ओरडला. मला सगळं ऐकू येत होतं. आप्पांना तर ती माझ्या खांद्यावरून समोर दिसत होती. त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पिशवी बाजूला सरकवून ते खुर्चीवर माझ्याकडे तोंड करून बसले.

"सांगा ताई," आप्पा म्हणाले, "अकोल्याला तुमचं कोण कोण से?"