गर्दी मी आणतो!

डोकं चालवावं तर ते माझ्यासारख्यानं! आमच्या गावात हे वाक्य माझ्याशिवाय कुणी म्हणत नाही, तो भाग वेगळा.

झालं असं, की देशाच्या रेल्वेचं मुख्यालय राजधानीतून हलवायचं ठरलं आणि शेवटी दोनच गावं शर्यतीत उरली. एक आमचं, दुसरं पुढच्या स्टेशनचं. पाहणीला समिती येणार होती, तीही गाडीनं. नगराध्यक्षांनी सभा बोलावली. अडचण एकच. आमच्या स्टेशनवर चिटपाखरू नसतं. स्टेशनमास्तर फलाटावर आपले शर्ट वाळत घालतात!

"गर्दी मी आणतो!" मी उभा राहून गरजलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं चष्म्याचं दुकान आहे. मुख्यालय म्हणजे ढीगभर कारकून, आणि कारकून म्हणजे अधू डोळे. गावाचं भलं, त्यात माझं जरा जास्त!

घरी बायको म्हणाली, "तुम्ही आणि गर्दी? दुकानाच्या उद्घाटनाला मी, आई आणि कुलूपवाला, एवढेच तर होतो. तोही शटर अडकलं म्हणून आला होता!"

मला ते लागलं. मी गावभर सांगून टाकलं, "सामान घेऊन स्टेशनवर या. जो अगदी खराखुरा प्रवासी वाटेल, त्याला नवा चष्मा फुकट!"

इथंच माशी शिंकली.

त्या दिवशी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिंप्यानं शिलाई मशीनच डोक्यावर घेतलं होतं. न्हावी बायकोच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होता, "जपून राहा गं!" आणि ती त्याच्या कानात, "पुरे आता, मिशा टोचतायत!" सासूबाई लोखंडी ट्रंकेवर ठाण मांडून बसल्या होत्या. ट्रंक रिकामी वाटू नये म्हणून त्यांनी आमच्या घरातली सगळी भांडी त्यात कोंबली होती.

गाडी आली. दारात समितीच्या अध्यक्षबाई आणि मागे दोन साहेब. मी गुच्छ पुढे केला. तेवढ्यात मागून सगळा गाव उसळला!

"सरका, आम्हाला चढायचंय!" न्हावी ओरडला.

"अहो, पण आम्हाला उतरायचंय!" अध्यक्षबाई.

"मग परत कधीतरी उतरा!" म्हणत सासूबाईंनी ट्रंक दारात घातली. बाईंनी खाली टाकलेला एक पाय झटकन वर घेतला.

"थांबा! अरे, नुसतं दाखवायचंय, चढायचं नाही!" मी बोंबललो.

"वा, काय वठवताय!" शिंपी कौतुकानं म्हणाला आणि मशीनसकट मला आत ढकलून स्वतःही चढला.

बाहेर स्टेशनमास्तरांना भरून आलं होतं. एवढे प्रवासी त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांनी अशी झोकात शिट्टी फुंकली, हिरवा झेंडा असा फडकवला, की गाडी निघालीच! डब्यात मी, अर्धा गाव, सासूबाई, भांडी आणि आमच्या गावात उतरू न शकलेली समिती. गुच्छाचे नुसते देठ उरले होते.

आता तरी खरं सांगावं की नाही? अध्यक्षबाईंनी घाम पुसत विचारलं, "तुमच्याकडे रोज एवढी गर्दी असते?"

माझी छाती आपोआप फुगली. "छे हो! आज तर कमीच आहे!"

पुढच्या स्टेशनवर फलाट रिकामा होता. समिती आरामात उतरली, चहा प्यायली, गाव बघितलं आणि मुख्यालय तिथंच द्यायचं ठरवून टाकलं. आमच्याबद्दल अहवालात एकच वाक्य होतं: 'या गावाला मुख्यालयाची नव्हे, जादा गाडीची गरज आहे.'

आणि जादा गाडी खरोखर सुरू झाली! नगराध्यक्षांनी सभेत सगळ्यांसमोर मला बजावलं, "गाडी रिकामी धावली तर बंद होईल आणि गावाची पुरती अब्रू जाईल. गर्दी तुम्ही आणणार होतात ना? मग बघा आता!"

त्यामुळे रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी पुढच्या स्टेशनला जातो, फलाटावर एक चक्कर मारतो आणि परत येतो. काही काम नसतं. जाताना अख्ख्या गाडीत मी एकटा, येताना मी आणि झोपलेला तिकीट तपासनीस.

खिडकी मात्र हमखास मिळते!